पाच सेकंदांचा जयराज

खिडकीतून फेकलेला माझा भाऊ गटारातून वाहत कुठवर गेला, हे मला कुणी सांगेल का? कितीदा विचारलं. उत्तर द्यायला आधी ऐकावं लागतं, आणि माणसांना स्वतःच्या आवाजापुढं काही ऐकू येत नाही.

मी पेनड्राइव्ह बोलतोय. लाल, आठ जीबीचा. आता मला कुठलंच यंत्र ओळखत नाही. सुलाबाईच्या पानाच्या डब्यात, सुपारीशेजारी पडून असतो. म्हणून मनातलं बोलायला मोकळा.

माझं शिक्षण बेताचं. जन्मभर माझ्यात गाणीच भरली. थोरला काळा, बत्तीस जीबीचा, हुशार. सांगलीच्या दुकानात आम्ही दोघं एकाच पाकिटात लटकत होतो. जयराजनं दोघांनाही घेतलं. तो कुपवाडला कारखान्यात लेथवर काम करायचा. थोरल्याकडं त्यानं सगळे फोटो दिले, आईची नक्कल करतानाचे व्हिडिओ दिले. त्याचे हात तेलकट असायचे, पण आम्हाला कधी हिसडा मारून काढलं नाही. तेवढा एकच माणूस पाहिला मी.

मागच्या वर्षी काविळीनं तो गेला. सव्वीस वर्षांचा होता.

सुलाबाई त्याची आई. नजर अधू. मोबाइलवर तिला पोराचं तोंड दिसेना. "टीव्हीवर मोठ्ठा करून दाव की गं," ती लेकीला, रूपालीला, म्हणायची. बाकी काही मागितलं नाही तिनं.

रूपालीनं थोरल्यातले अकरा फोटो निवडून कंप्युटरवर स्लाइड-शो केला आणि थोरल्यातही ठेवला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी शिरवळहून चुलते हंबीरराव आले. पोरगा दोन महिने दवाखान्यात होता, तेव्हा रस्ता सापडला नव्हता. आता कडक इस्त्रीत आले. आल्या आल्या थोरल्याला टीव्हीत खुपसलं. फाइल चालत नाही, असं टीव्हीनं सांगितलं. यांनी उपटून उलटा घातला. जाईना, तर हाताच्या मुठीनं ठोकला. थोरला वाकला.

"चायनाचा माल!" म्हणाले आणि खिडकीतून भिरकावला.

रूपाली कोपरापर्यंत हात घालून गटार चाचपत राहिली. थोरला मिळाला नाही. जयराजचा आवाज त्याच्याबरोबर गेला.

"आबा, टीव्हीला स्लाइड-शो कळत न्हाई. त्याचा व्हिडिओ करायला लागतोय."

"मग आदी का सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा?"

मला, अडाण्याला, कळतं ते या शहाण्याला कळत नव्हतं. स्लाइड-शो पुढं सरकवायला कंप्युटर लागतो. टीव्ही आयतं गिळणारा. त्याला व्हिडिओ करूनच भरवावं लागतं.

सुदैवानं अकरा फोटोंचा स्लाइड-शो कंप्युटरवर होता. रूपाली व्हिडिओ करायला बसली. हंबीरराव खुर्ची ओढून शेजारी.

"शोकाकुल मंडळी कुठं हायत?"

"आबा, आईला दाद्याला बघायचंय."

"चौकातल्या फ्लेक्सवर एक्केचाळीस फोटो हायत. एक जरी गाळला तर उद्या कोण जेवायला यील? जयराजचे तीनच ठेव. माणूस तर एकच हाय की!"

असली ही जात. मेलेल्याच्या नावानं स्वतःचं तोंड लावते. गॉगल घालून शोक करते.

प्रत्येक फोटोला पाच सेकंद. जयराजला पंधरा. व्हिडिओ माझ्यात भरला. मी गिळला. करतो काय?

दुसऱ्या दिवशी मांडवात टीव्ही लागला. सुलाबाईनं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत पोरगा निघून गेला आणि हंबीरराव आले, हात जोडून, गळ्यात सोन्याची साखळी.

"भाऊजी, मागं घ्या की जरा."

"आवं वहिनी, सगळ्यांचं होऊ द्या आदी! लोकं बसल्यात."

एक्केचाळीस तोंडं झाली. लोक आपापला फोटो एकमेकांना दाखवत होते. एकजण तर स्वतःच्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढत होता. मला शिसारी आली.

व्हिडिओ पुन्हा सुरू झाला. पहिला जयराज गेला. दुसरा गेला. तिसरा आला: लेथपुढं उभा, गालाला ग्रीस, हसतोय. सुलाबाई खुर्ची सोडून निघाली होती. गुडघे धरत, माणसांच्या पायांतून वाट काढत. पाच सेकंदांत ती पोचणार नव्हती.

थोरला असता तर विचार केला असता. मी केला नाही. आतलं होतं नव्हतं ते सगळं घट्ट आवळलं. आत काहीतरी जळालं. चित्र जागीच थांबलं.

"अडकलं वाटतं! दाबा, दाबा!" हंबीरराव रिमोट तळहातावर बडवू लागले. मांडवात चुळबुळ झाली. ज्यांना स्वतःला पुन्हा बघायचं होतं, ते सगळ्यात जास्त वैतागले.

सुलाबाई पोचली. पदर धरलेला हात तिनं टीव्हीच्या काचेवरून फिरवला, जयराजच्या गालावरचं ग्रीस पुसावं तसा.

"लय बारीक झालावतास रं," ती म्हणाली.

ती मागं सरेपर्यंत मी त्याला जाऊ दिलं नाही.