चौदा वर्षांखालील

पुस्तिकेच्या नवव्या पानावर शारीक मुकादमबद्दल सहा ओळी होत्या. पहिल्या पाच बरोबर होत्या: नाव, जर्सी क्रमांक, बचावफळीतली जागा, संघातली वर्षं, सध्याची नोकरी. सहावी ओळ अशी होती: ‘मार्च १९९५च्या स्पर्धेच्या अर्जावर जन्मवर्ष १९८१. पासपोर्टवर १९७९. स्पर्धा चौदा वर्षांखालील मुलांची होती.’

ही ओळ काढायला लावायची म्हणून शारीक २० सप्टेंबर २०१३ रोजी, शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपून हर्षवर्धन आगटेच्या सौदी अरेबियातल्या जुबैल शहरातल्या फ्लॅटवर गेला. आधी फोन केला नव्हता. केला असता तर हर्षवर्धनने उचलला नसता.

पुस्तिका होती जुबैलच्या एका जुन्या कॅम्पातल्या बर्फाच्या मैदानाची. पेट्रोकेमिकलचे कारखाने उभे राहत होते तेव्हा कॅनडाच्या इंजिनियरांनी आपल्या मुलांसाठी एका गोदामात ते तयार करून घेतलं. १९८९ मध्ये मुलांचा आइस हॉकीचा संघ निघाला. कॅनडाची मुलं पुरेनात, म्हणून लेबनीज आले, सौदी आले, मग भारतीयही आले. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत स्वेटर घालून रबरी चकतीमागे घसरणारी पोरं. १९९५ मध्ये त्यांनी पूर्व प्रांतातल्या तीन कॅम्पांची स्पर्धा जिंकली. तेवढीच एक. दोन वर्षांनी कॅनडावाले परतले आणि संघ मोडला. आता येत्या ऑक्टोबरात गोदामच पाडायचं होतं. जागा घेणाऱ्या कंपनीने आठवण म्हणून पुस्तिकेचा खर्च उचलला. काम हर्षवर्धनकडे आलं, कारण तो त्या कंपनीत प्लॅनिंगला होता आणि संघातही होता.

चौदा खेळाडूंचा त्याने शोध घेतला. एक कॅलगरीत डोळ्यांचा डॉक्टर झाला होता. एक बैरूतमध्ये फरशा विकत होता. एक दम्मामच्या रस्त्यावर गाडी उलटून वारला होता. बाणकोट खाडीकडचा कादिर, शारीकच्याच गावचा, तांबड्या समुद्राकाठी थुवालच्या विद्यापीठात बस चालवत होता. सौदी गोलरक्षक नाइफ हर्षवर्धनच्याच कंपनीत मनुष्यबळ विभागाचा प्रमुख होता. पुस्तिकेचं प्रत्येक पान त्याच्या सहीने छपाईला जाणार होतं.

आणि शारीकची फाइलही त्याच्याच टेबलावर होती.

शारीक अकरा वर्षं एका ठेकेदार कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होता. निताकातच्या, म्हणजे सौदी माणसांना नोकऱ्या देण्याच्या कोट्याच्या, हिशेबात ती कंपनी लाल रंगात गेली. सौदी माणसं पुरेशी नाहीत, म्हणून परदेशी माणसांचे इकामे, राहण्याचे परवाने, नवे होणार नाहीत. हिरव्या कंपनीत कफील, म्हणजे हमी घेणारा मालक, बदलून घ्यायला मुदत होती ३ नोव्हेंबरची. नाइफची कंपनी हिरवी होती. त्याने मुलाखत घेतली होती, घ्यायचं मनात होतं. पण प्रत्येक परदेशी माणसापुढे ‘सौदी का नाही’ याचं कारण त्याला लिहावं लागे, आणि त्याच जागेसाठी दोन सौदी मुलांचे अर्ज पडलेले होते. नकार द्यायला एक शंका पुरली असती.

दार मुग्धाने उघडलं. शारीकला बघून तिने आत नवऱ्याकडे बघितलं, मग चहा ठेवते म्हणून स्वयंपाकघरात गेली. हर्षवर्धन जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. बस म्हणाला नाही.

“सहावी ओळ काढ,” शारीक म्हणाला.

“चूक आहे का तिच्यात?”

“मी काढ म्हणतोय.”

“चूक असली तर काढतो. अर्ज कॅम्पच्या कपाटात सापडला. पासपोर्टवरची जन्मतारीख तू पाठवलेल्या सीव्हीत आहे. मी साधा फॉर्म पाठवला होता, सहा प्रश्नांचा. तेवढं भरायचा कंटाळा केलास आणि नोकरीचा सीव्ही जोडून मोकळा झालास. दोन्ही कागद तुझेच.”

“नाइफ वाचणार ते.”

“वाचणारच.”

“मी कुठल्या जागेसाठी अर्ज केलाय तुला ठाऊक आहे.”

“डॉक्युमेंट कंट्रोल. म्हणून तर. कागद सांभाळणाऱ्याचा स्वतःचा कागद सरळ नको?”

“अठरा वर्षं झाली, हर्ष.”

“तुला अठरा झाली. मी वर प्रेक्षकांत बसून तुमच्या पाण्याच्या बाटल्या भरत होतो. माझा बाप संघाचा मॅनेजर, आणि मी बाटल्या भरतोय. अख्खा कॅम्प बघत होता. मी तेरा वर्षांचा होतो, खरा तेराचा. माझी जागा तुला दिली.”

“म्हणजे हा इतिहास नाही. हा तुझा राग आहे.”

“राग असेल. पण ओळ खरी आहे. आता तूच सांग, दोन कागदांतला खोटा कुठला? तू म्हणशील तो छापतो.”

हेच शारीकला सांगता येत नव्हतं.

खोटा होता तो पासपोर्ट. शारीक डिसेंबर १९८१ मध्ये जन्मला. गावच्या शाळेत पट भरत नव्हता आणि दुसऱ्या मास्तरांची बदली होऊ घातली होती, म्हणून हेडमास्तरांनी घरोघर फिरून साडेतीन-चार वर्षांची पोरं पहिलीत बसवली आणि रजिस्टरात सगळ्यांची सरसकट एक जून, १९७९ अशी तारीख घातली. दाखल्यावर तीच उतरली. दाखल्यावरून पासपोर्ट, पासपोर्टवरून इकामा, मग डिग्री. स्पर्धेत तो तेराच वर्षांचा होता. पण हे सिद्ध करायचं तर अकरा वर्षं ज्या कागदावर नोकरी केली तो कागद खोटा आहे, असं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं होतं. लबाड खेळाडूला कदाचित नोकरी मिळाली असती. खोट्या पासपोर्टवाल्याला देशात राहताच आलं नसतं.

आतल्या खोलीचं दार उघडलं. हर्षवर्धनचे वडील हरिहर आगटे तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर नाशिकहून आलेले होते. वय बहात्तर. चष्मा कपाळावर होता. सगळं ऐकलेलं दिसत होतं.

“तो अर्ज मी भरला,” ते म्हणाले. “मी खोटं लिहिलेलं नाही.”

“काका, तुम्ही आत बसा,” शारीक म्हणाला.

“का बसू? माझी सही आहे त्यावर. मुलांचे पासपोर्ट तेव्हा बापाच्या कंपनीच्या तिजोरीत असायचे, कोणी दाखवायला मागत नसे. म्हणून मी प्रत्येक घरी जाऊन आईला विचारलं. बाप वय विसरतो, आई विसरत नाही. तुझ्या आईने, मासूमाबाईंनी, मला सांगितलं, डिसेंबर एक्याऐंशी. शाळेने काय केलं तेही सांगितलं. त्या कादिरला मी चार महिन्यांनी जास्त भरतो म्हणून बाहेर बसवला. रडला तो. आणि तुम्ही छापताय की मी वय चोरलं?”

“काका.”

“सांग ना त्याला. तोंड शिवलंय का तुझं?”

हर्षवर्धन शारीककडे बघत होता. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

“म्हणजे पासपोर्ट खोटा,” हर्षवर्धन म्हणाला.

शारीकने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

“अकरा वर्षं,” हर्षवर्धन म्हणाला. “वा, मुकादम.”

“ऐका, दोघंही,” शारीक म्हणाला. आवाज त्याने चढवला नाही. “हे बाहेर गेलं तर मी तीन नोव्हेंबरचीही वाट बघायची नाही. बायकोला आणि मेहेकला घेऊन मिळेल त्या विमानात बसायचं. मेहेक तिसरीत आहे. इथेच जन्मली ती. बाणकोटला काय करेल? हर्ष, तुला ओळ पाहिजे ना? ठेव. वर हेही लिही, की मी मॅनेजरला फसवलं. आईकडून खोटं वदवलं. मी सही करून देतो.”

“मला फसवलं?” हरिहर म्हणाले. “पंधरा वर्षांचा घोडा आणि तेरा वर्षांचं पोर यांतला फरक मला कळला नाही, असं छापणार?”

“हो, काका.”

“आणि तुझी आई खोटारडी.”

“हो.”

“ती वारली ना रे दोन वर्षांपूर्वी.”

“म्हणूनच म्हणतोय. तिचा इकामा कोणी काढून घेणार नाही.”

हरिहरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मुलाकडे वळले.

“तुझं काय चाललंय ते मला कळत नाही असं समजू नकोस. तू अठरा वर्षं मनात धरून बसलास की याने तुझी जागा घेतली. हा नसता तरी मी तुला घेतलं नसतं. तुला डावीकडे वळता येत नव्हतं. दरवेळी भिंतीला जाऊन अडायचास. मी चार जणांवर खेळलो असतो, पण तुला बर्फावर उतरवलं नसतं. तुझ्या आईला सांगितलं होतं मी. तिने तुला सांगितलं नाही, एवढंच.”

मुग्धा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती तशीच मागे गेली.

हर्षवर्धनने लॅपटॉप बाजूला केला. मग कागद ओढून शारीकपुढे सरकवला.

“लिही,” तो म्हणाला.

“अरे, खोटं आहे ते,” हरिहर म्हणाले. “तुला आता माहीत आहे.”

“तो सही करतोय, बाबा. खेळाडूने स्वतः दिलेली माहिती. मी ती बदलू शकत नाही.”

“बदलायची नाही म्हण. तू खेळायच्या लायकीचा होतास असं छापून यायला दुसरा रस्ता नाही.”

“आत जा, बाबा.”

हरिहर गेले. दार त्यांनी आवाज न करता लावलं. शारीकने इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, तारीख घातली, सही केली. हर्षवर्धनने फोनवर कागदाचा फोटो घेतला.

“पासपोर्टचं कोणाला बोलणार नाहीस,” शारीक म्हणाला.

“बोललो तर माझी ओळ खोटी पडते.”

शारीक दारापर्यंत गेला आणि वळला. “डावीकडे तुला खरंच वळता यायचं नाही.”

“नीघ,” हर्षवर्धन म्हणाला.

रविवारी सकाळी दहाला नाइफने शारीकला बोलावलं. नववं पान टेबलावर होतं, शेजारी शारीकची फाइल. नाइफ कॅम्पातल्या शाळेत शिकलेला होता, इंग्रजी सफाईदार बोलायचा. हस्तांदोलन केलं नाही.

“पंधरा?” त्याने विचारलं.

“हो.”

“अंतिम सामन्यात मी सतरा फटके अडवले. दोन दात पडले. माझ्या बापाने आयुष्यात एकदाच मला मिठी मारली, त्या दिवशी. आणि आमच्या बचावफळीत एक मोठा माणूस खेळत होता.”



नाइफने फाइल उघडली. “मी काल सगळं परत तपासलं. पासपोर्ट, इकामा, डिग्री, तीन अनुभवपत्रं. सगळीकडे एकच तारीख, कुठेही एका दिवसाचा फरक नाही. म्हणजे सरकारशी तू खोटं बोलत नाहीस. कंपनीशीही नाही. फक्त मुलांशी बोललास.”

“हो.”

“मला तुझी लाज वाटते. पण दोन्ही सौदी मुलांना ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर वाचता येत नाही आणि मला माणूस पाहिजे. मी सही करेन. त्याआधी एक काम.” त्याने एक यादी पुढे टाकली. “दहा नंबर आहेत. जिवंत आहेत तेवढे सगळे. त्यांनी हे छापलेलं वाचण्याआधी तुझ्या तोंडून ऐकावं. इथून लाव, स्पीकरवर. मी बसतो.”

“कॅलगरीत आत्ता रात्रीचा एक वाजलाय.”

“मग जवळचा लाव आधी.”

जवळचा कादिर होता. तिसऱ्या रिंगला त्याने उचलला. मागे बसचं इंजिन चालू होतं.

“बोला मुकादम. मेलात की काय, दोन म्हयने पत्ता नाय.”

शारीकने इंग्रजीत सुरुवात केली. “कादिर, मला एक सांगायचंय. पंच्याण्णवच्या स्पर्धेत मी—”

“इंग्रजी कोणाला ऐकवतोस? कोण बसलाय बाजूला?”

नाइफने हाताने पुढे बोल अशी खूण केली. शारीकने मराठीत सांगितलं. पंधरा वर्षांचा होतो, वय लपवलं, काकांना फसवलं, तुम्हा सगळ्यांची माफी मागतो.

पलीकडचं इंजिन बंद झालं.

“येडा झालास काय रे?” कादिर म्हणाला. “पंधराचा? तू? मला चार म्हयन्यांपायी बाहेर बसवलान त्या आगट्यान, आणि तू पंधराचा होतास? अरे, तू जन्मलास तेव्हा माझी आई तुमच्या पडवीत होती, पाणी तापवत. मी चालायला लागलो होतो. गावात कोणालाही विचार. त्या मेल्या हेडमास्तरान शाळेत—”

“कादिर, गप बस.”

“का गप बसू? कोणी लिवून घेतलं तुझ्याकडून? नाव सांग त्याचं. सुट्टी टाकून येतो जुबैलला, टाळकं फोडतो भडव्याचं.”

नाइफ पुढे झुकला होता. फोनकडे, मग शारीककडे बघत होता.

“काय म्हणतोय?” त्याने विचारलं.

“शिव्या देतोय,” शारीक म्हणाला.

“देऊ दे. हक्क आहे त्याचा.” नाइफने पेन उचललं, यादीतल्या कादिरच्या नावापुढे खूण केली. “पुढचा लाव.”