उजव्या बाजूचा खिसा

वन्संच्या पुढच्या खोलीत त्या गुरुवारी दुपारी चार वाजता एकवीस माणसं होती आणि खुर्च्या सात. दाराबाहेर चपलांचा ढीग. ज्यांना आत जागा मिळाली नाही ते जिन्याच्या पायऱ्यांवरून माना उंच करून बघत होते. बघत होते टीव्हीकडे. टीव्हीला फोन जोडलेला, आणि फोनमध्ये डोळे मिटून बसलेला निरोप्या.

त्याचं खरं नाव कोणालाच माहीत नाही. मेलेल्यांचे निरोप आणतो, म्हणून निरोप्या. पांढरा सदरा, मागे निळा पडदा, कोपऱ्यात आकडा : अकरा हजार लोक बघताहेत. पडद्यावर खालून वर लाल बदाम उडत होते, दुधाला उकळी यावी तसे.

"हिला काच म्हणू नका, आई," निरोप्या समोरच्या फोनच्या काचेवर तळवा टेकवत म्हणाला. "हा काठ आहे. अलीकडे आपण, पलीकडे ते. मी नुसता हात बुडवतो. माणूस जातो, कंपनं राहतात. विज्ञानसुद्धा हेच म्हणतं."

विज्ञान हे कुठल्या पानावर म्हणतं, ते तो कधी सांगत नाही.

त्याच्या तळव्याखाली एक फोटो होता : मातीनं माखलेला, निळ्या चौकटींचा शर्ट. खाणीजवळ सापडलेल्या एका हाडांच्या सापळ्याच्या अंगावरचा. आणि फोनच्या या टोकाला होत्या माझ्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचा एकुलता एक मुलगा, बारक्या, सहा वर्षांपूर्वी घरातून निघाला तो परत आला नाही. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

"मुलगा आहे," निरोप्या म्हणाला. "विशीतला. बोलताना 'क'वर अडखळतोय. डावं मनगट लहानपणी मोडलंय... झाडावरून पडून. आई, हा तुमच्याशी भांडून निघाला. कॉलेज सोडायचं होतं त्याला. बरोबर?"

शेजारीण म्हणाली, "बरोबर, बरोबर!" आणि पदराला डोळे पुसायला लागली.

"शर्टाला खिसा आहे. पण हृदयाच्या बाजूला नाही, आई. दुसऱ्या बाजूला, उजव्या छातीवर. हृदयात जागाच उरली नव्हती ना! डावी बाही कोपराशी फाटलीय. तीच अडकली, म्हणून तो पडला. तो म्हणतोय, आई, मला माफ कर. आता मला घरी ने."

एकवीस माणसांनी एकदम श्वास सोडला. वन्सं मात्र मांडीवरच्या वहीत लिहीत होत्या. तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं. कोणी बोलायला लागलं की त्यांचा हात आपोआप चालतो. शेवटचं वाक्य लिहून झालं, खाली रेघ मारली, आणि मग त्या रडल्या.

मी मात्र जागेवरच अस्वस्थ झाले. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द माझा होता.

ते कसं, ते सांगते. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही वाचलं ते शिलाई मशीनवर बसून, फोनवर. मी कपडे दुरुस्त करते : चेन बदलणं, बाह्या आखूड करणं, कंबर सैल करणं (हल्ली तेच जास्त). गेली चार वर्षं मी एका ग्रुपमध्येही आहे. दवाखान्यांच्या आणि पोलिसांच्या याद्यांत बेवारस म्हणून नोंदलेली माणसं असतात. दुसरीकडे हरवलेल्या माणसांच्या जाहिराती असतात. या दोन याद्या एकमेकींशी बोलत नाहीत. आम्ही तीन-चार हजार हौशी माणसं त्यांना बोलायला लावतो. दातांचं काम करणारा दात बघतो, मी शिवणी बघते. एकदा पँटच्या दुमडीवरून मी एका आजोबांचं घर शोधून काढलं होतं, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात थोडी हवा गेली होती, हेही कबूल करते.

खाणीजवळच्या सापळ्याची नोंद ग्रुपवर आली ती अशी : पुरुष, वय वीस ते तीस, हातांची हाडं मिळालेली नाहीत, अंगावर निळ्या चौकटींचा शर्ट. सोबत शर्टाचा फोटो. बारक्या निघाला तेव्हा त्याच्या अंगात तसलाच शर्ट होता. निळ्या चौकटींचे शर्ट जगात किती असतात हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? तरी माझा धीर सुटला. मी खाली धडाधड लिहिलं : मनगट, झाड, अडखळणं, भांडण, सगळं. वन्संना न विचारता. ते अख्ख्या दुनियेला दिसत होतं. निरोप्याला दिसायला कंपनं कशाला हवीत?

लोक पांगल्यावर मी वन्संना हे सांगितलं. मान खाली घालून सांगितलं.

"तू लिहिलंस ते खरं होतं ना?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मग तोही खरंच सांगणार. दोघांचं उत्तर बरोबर आलं म्हणजे एकानं चोरलं, असं होतं का गं?"

सोमवारी त्या कचेरीत जाऊन सही करणार होत्या. आईनं कपडे ओळखले, एवढं लिहून दिलं की हाडं ताब्यात मिळणार होती. डीएनए तपासणीही करता येते, पण तिला दोन-तीन महिने लागतात, आणि कचेरीतल्या कारकुनाला फाइल बंद झालेली जास्त आवडते.

घरी नवरा म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस. सहा वर्षं ती दाराकडे बघत बसलीय. एकदाची मोकळी होऊ दे."

"आणि तो बारक्या नसला तर?"

"नसला तरी तिला कुठे कळणार आहे?"

हे वाक्य मला टोचत राहिलं. शुक्रवारी चार शर्ट घेतले आणि चारही उलटसुलट करून ठेवले. पाय मशीनवर, जीव भलतीकडे. शेवटी चिडून एका गिऱ्हाइकाच्या शर्टाचा खिसा उसवायला घेतला आणि हात थांबला. पुरुषाच्या शर्टाला एकच खिसा असेल तर तो डाव्या बाजूला असतो. उजव्या बाजूला एकटा खिसा कोण शिवेल?

मी फोन उघडून खाणीजवळच्या शर्टाचा फोटो नीट पाहिला. अगदी पहिल्यांदाच नीट पाहिला, असंच म्हणायला हवं. खिसा खरंच उजव्या छातीवर होता. आणि बटणपट्टी बायकांच्या ब्लाउजसारखी उलट्या बाजूला! तीस वर्षं शर्टांवर काढलेल्या बाईला हे दिसू नये? माझे डोळे शर्ट बघतच नव्हते. ते बारक्याला शोधत होते.

फोटो काढला होता आमच्या ग्रुपमधल्या पोस्टमनकाकांनी. निवृत्तीनंतर ते कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत असतात. त्यांना फोन लावला.

"काका, खाणीजवळच्या शर्टाचा फोटो कशानं काढलात?"

"फोननंच. मागचा कॅमेरा फुटलाय ना माझा, म्हणून पुढच्यानं. का गं, हलला का?"

"नाही हो. उलटा झाला. तुमच्या पुढच्या कॅमेऱ्यात डावं-उजवं बदलतं, आरशासारखं."

"चाळीस वर्षं एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही मी," काका म्हणाले. "उद्या सकाळी जातो."

शनिवारी त्यांनी कारकुनाच्या फोनवरून नवा फोटो पाठवला. खिसा डाव्या बाजूला. फाटलेली बाही उजवी.

रविवारी सकाळी मी वन्संकडे गेले. टेबलावर एकीकडे जुना फोटो ठेवला, दुसरीकडे नवा. त्यांना त्यांची वही आणायला सांगितली.

"वन्सं, शाळेत कॉपी कशी पकडायचात?"

"आता हे काय मध्येच?"

"सांगा तर."

"बरोबर उत्तरावरून कधीच पकडता येत नाही. बरोबर उत्तर शंभर जणांचं एकच असतं. चूक ज्याची त्याची असते. दोन पोरांनी सत्तावीसच्या जागी एकाहत्तर लिहिलं, की समजायचं, शेजारी बसले होते."

"मग हे तपासा."

त्यांनी चष्मा लावला. वहीतल्या एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या. मनगट डावं : बरोबर. खिसा उजवा : जुन्या फोटोत उजवा, नव्यात डावा. बाही डावी : जुन्या फोटोत डावी, नव्यात उजवी. सवयीनं त्यांनी लाल पेन काढलं. दोन फुल्या मारल्या. मग पेन तसंच हातात राहिलं.

"वाचलेलं सगळं सरळ आलं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि पाहिलेलं सगळं उलटं."

"हो."

"ज्याच्या अंगात शर्ट होता, त्याला आपला खिसा कुठे आहे ते ठाऊक असतं."

"हो, वन्सं."

त्या एकदम उसळल्या. "आणि माफी? 'आई, मला माफ कर' हे तू लिहिलं नव्हतंस! ते कुठून आलं?"

"माफी कोणाला नको असते हो? ती फ्री साइज आहे. कुठल्याही आईला बसते."

हे बोलायला नको होतं. त्यांनी वही मिटली आणि उठून खिडकीशी गेल्या. पाठ माझ्याकडे. "सहा वर्षांत मला एकच वाक्य मिळालं होतं. तेही काढून घेतलंस."

माझ्याकडे त्याच्या बदल्यात द्यायला काही नव्हतं.

खिडकीशीच उभ्या राहून त्यांनी विचारलं, "मग तो माझा नाही?"

"ते मला माहीत नाही. निरोप्यालाही माहीत नाही. शर्टावरून कळणारही नाही. तुमच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, तर कळेल."

त्या दुपारी चारला निरोप्या पुन्हा काठावर बसला. आज तेरा हजार. पुन्हा वन्संच्या घरी गर्दी, पुन्हा चपलांचा ढीग. लोकांना वाटलं, दुसरा निरोप येणार. वन्संनी फोन लावला. आवाज वर्गातला.

"महाराज, खिसा कोणत्या बाजूला होता?"

"उजव्या, आई. सांगितलं ना त्यानं."

"शर्टाचा सरळ फोटो मी बघून घेतला. खिसा डाव्या बाजूला आहे. तुम्ही पाहिलेला फोटो उलटा होता."

बदाम उडायचे थांबले नाहीत, पण निरोप्याचे डोळे उघडले. क्षणभरच. मग तो मंद हसला. "आई, पलीकडून सगळं आरशासारखं दिसतं. मृतांचं डावं ते आपलं उजवं."

खोलीत कोणीतरी "अहाहा" म्हणालं.

"असं? मग मनगट डावंच कसं सांगितलंत? तेही उलटं यायला हवं होतं."

"आई, कंपनांत..."

"कंपनं राहू द्या. एक खूण सांगा, जी कुठे लिहिलेली नाही आणि फोटोतही नाही. एकच."

पडदा काळा झाला. मग जिन्यातून एकजण म्हणाला, "नेट गेलं असेल." आणि शेजारीण, जी गुरुवारी सगळ्यांत आधी रडली होती, ती फणकारली, "नेट नाही गेलं. तोच गेला."

सोमवारी वन्संनी सही केली नाही. काडी दिली. कारकून म्हणाला, "बाई, कशाला त्रास? कपडे तर ओळखलेत." वन्सं म्हणाल्या, "कपडे दुकानात मिळतात."

उत्तर यायला अकरा आठवडे लागले. त्या काळात मी ग्रुपवरची माझी पोस्ट काढून टाकली आणि त्या जागी माफी मागितली. आता आम्ही घरच्यांच्या खुणा उघड्यावर लिहीत नाही. त्या थेट तपास करणाऱ्याकडे देतो. कारण निरोप्या एकटा नसतो, आणि घाई तर आमच्याही अंगात असते. तीन गोष्टी जुळल्या की आम्ही चौथी स्वतःच जुळवतो.

उत्तर आलं : जुळत नाही.

वन्संनी कागद दोनदा वाचला. मला वाटलं, आता त्या मला दार दाखवतील. त्या म्हणाल्या, "मी सही केली असती, तर दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा माझा म्हणून संपवला असता. आणि माझा शोधायचा थांबवला असता." मग स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

त्यांना शांती मिळाली, असं मी सांगणार नाही. खोटं ठरेल. त्यांच्या काडीची नोंद आता कायमची आहे. कुठेही कोणी सापडलं तर तिच्याशी ताडून बघतील. तेवढंच आहे, पण ते खरं आहे.

तुमच्याकडे कोणी मेलेल्यांचा निरोप घेऊन आलं, तर जुळलेल्या गोष्टी मोजू नका. त्या त्याला कुठून कळल्या असतील ते आधी शोधा, आणि मग त्याच्या चुका बघा. घरातलं कोणी हरवलं असेल, तर कचेरीत जा आणि काडी द्या. दात घासण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

खाणीजवळच्या त्या पोराला अजून नाव नाही. त्याची आई कुठेतरी हे वाचत असेल, तर बाई, तुझ्या मुलाच्या शर्टाचा खिसा डाव्या बाजूला आहे आणि उजवी बाही कोपराशी फाटलीय. एवढ्यावरून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. ये, आणि तपासून घे.