चष्मा वर, म्हणजे बोली चालू

मी लिलावातली हातोडी बोलतेय. लोखंडाची नव्हे, लाकडाची. खिळा ठोकण्याचं भाग्य मला कधी लाभलं नाही. माझं काम एकच, मेजावर आपटायचं. पण मी एकदा आपटले की वर्षभराचं एक शिंगरू एका तबेल्यातून दुसऱ्या तबेल्यात जायचं, आणि मग कुणाच्या बापाला ते फिरवता यायचं नाही.

माझा जन्म एका तबेल्याच्या दाराच्या अडसरातून झाला. तो अडसर घोड्यांनी चावून चावून बारीक केला होता. एका सुतारानं तो काढून नवा बसवला आणि जुन्यातलं धड लाकूड घेऊन मला घडवलं. माझ्या डाव्या अंगावर कुणा घोड्याच्या दातांची खूण अजून आहे. सुतारानं ती मुद्दाम तासली नाही. लिलाव पुकारणारे मास्तर या सुताराचे जावई. मला त्यांच्या हाती देताना सासरेबुवा म्हणाले, "जावईबापूंना बनवता काही येत नाही, निदान ठोकता तरी यावं."

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. हजेरी घेतल्यासारखा ते आकडा पुकारत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या हातात मी एकतीस वर्षं काढली. त्यांचा तळवा घामेजला की शिंगरू चांगलं आहे, हे मला न बघताच कळायचं.

आमच्याकडे वर्षातून तीन लिलाव व्हायचे. पहिल्या दोन लिलावांत बड्या घराण्यातली शिंगरं यायची. अंगाला तेल चोळल्यासारखी चकाकणारी, मान ताठ, मागे सांभाळायला दोन-दोन मोतद्दार. तिसरा लिलाव हंगाम उतरल्यावर, थंडीच्या तोंडावर. त्यात उरलेसुरले. कुणी उशिरा जन्मलेलं, कुणी ऐन लिलावाच्या आठवड्यात खोकलेलं, कुणाचा पाय वाकडा. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असायच्या आणि चहावाला दुपारीच किटली धुऊन निघून जायचा. पण खरं सांगू का, मला हाच लिलाव आवडायचा. इथे येणाऱ्याला मिरवायचं नसे. त्याला घोडा कळत असे, किंवा कळतो असं त्याला वाटत तरी असे.

माणसं बोली कशी लावतात हा एक वेगळाच तमाशा आहे. हात वर करून, ओरडून बोली लावणारा नवशिका समजावा. मुरलेले लोक आधीच मास्तरांच्या कानात आपली खूण सांगून ठेवत. कुणी कान खाजवायचा, कुणी पेन टोपणात घालायचा. आपण घेतोय हे कळलं तर दुसरा ईर्षेनं आकडा चढवेल, ही भीती. कुणाची खूण काय, हे मास्तरांनी कधी बायकोलाही सांगितलं नाही. मला माहीत होतं, पण मला विचारतो कोण.

तात्यांची खूण चष्म्याची होती. तात्या म्हणजे लोकांचे शर्यतीचे घोडे आपल्या तबेल्यात ठेवून तयार करणारे जुने ट्रेनर. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी मास्तरांना सांगितलं, "चष्मा कपाळावर असेपर्यंत मी बोलीत आहे. नाकावर आला की थांबलो. मध्ये मला काही विचारायचं नाही. कारण तर अजिबात नाही." मास्तर हो म्हणाले. त्या वेळी तात्यांच्या मांडीवर त्यांची पाच-सहा वर्षांची लेक बसली होती. ही खूण जगात त्या तिघांनाच ठाऊक, आणि चौथी मी.

पुढे लेक मोठी झाली, बापाबरोबर दर लिलावाला येऊ लागली. दोघं बाहेरच्या वाटेवर उभी राहून शिंगरं बघायची. एक हात पाठीमागे, मान जराशी डावीकडे कललेली. दोघांची उभं राहण्याची तऱ्हा अशी एक की बघणाऱ्याला हसू यावं. तात्या तिला सांगायचे, "घोडा येताना सगळं गाव बघतं. आपण जाताना बघायचं. तोंड खोटं बोलेल, मागचे पाय बोलत नाहीत."

मग दोघांचं बिनसलं. तात्यांच्या तबेल्यात एक काळा घोडा होता. लेक म्हणाली, "याचा गुडघा दुखतोय, आज पळवू नका." तात्यांनी चारचौघांत तिला सुनावलं, "तू जन्मायच्या आधीपासून मी घोडे बघतोय." घोडा पळाला, आणि परत येताना लंगडत आला. पुन्हा कधी मैदानावर दिसला नाही. लेक त्याच आठवड्यात बाहेर पडली. मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला चार घोड्यांचा छोटा तबेला तिनं सुरू केला. चूक कुणाची हे तात्यांना कळत होतं, पण खाण तशी माती, दोघंही हट्टी. दोन वर्षं बोलणं नाही. तिसऱ्या लिलावाला दोघं यायची, ती खांबाआड उभी राहायची, ते पहिल्या रांगेत डावीकडे बसायचे. तिनंही मास्तरांना खूण सांगून ठेवली होती. हातातली यादी उघडी असेल तर बोली, मिटली की संपलं.

त्या वर्षी, लिलावाच्या शेवटच्या दिवशी, एकशे बेचाळीस नंबरची घोडी आली. तांबडी, कपाळावर बोराएवढा पांढरा ठिपका. तिची आई बाळंतपणातच गेली होती. विकणाऱ्या बाईंनी तिला घराच्या मागच्या खोलीत बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. पुढचा उजवा पाय किंचित बाहेर पडायचा, म्हणून आधीच्या दोन्ही लिलावांनी तिला नाकारलं. सकाळी बाई मास्तरांना एवढंच म्हणाल्या होत्या, "कुणीही घ्या म्हणावं, पण जपणाऱ्याच्या हाती पडू दे." मास्तरांनी मान डोलावली. ती त्यांच्या हातातली गोष्ट नव्हती, तरी डोलावली.

बोली सुरू झाली. पहिल्या दोन आकड्यांना एक व्यापारी होता, तो लगेच गळला. उरली दोघं. तात्यांचा चष्मा कपाळावर आणि खांबाआड उघडी यादी. एकमेकांना दोघंही दिसत नव्हती. आकडा चढू लागला तसे बाकीचे लोक वळून वळून बघू लागले की या वाकड्या पायाच्या घोडीमागे लागलंय तरी कोण. मास्तरांचा तळवा ओला झाला.

मास्तरांची पंचाईत माझ्या लक्षात आली. बाप आणि लेक एकमेकांच्या डोक्यावर आकडा चढवतायत हे त्या सभागृहात त्यांना एकट्याला दिसत होतं, आणि सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर एकतीस वर्षांचा शब्द मोडला. शिवाय वाढलेला आकडा त्या बाईंच्या पदरात पडणार होता, तो थांबवायचा हक्क यांना कुणी दिला? मास्तर पुकारत राहिले.

आकडा लेकीचा होता तेव्हा घोडी दाराशी पडलेल्या बादलीला बिचकली. मोतद्दारानं तिला वळवून रिंगणाच्या दुसऱ्या बाजूला नेलं. आता ती पाठमोरी चालत होती. आणि तिला जाताना बघायला म्हणून लेक सवयीनं खांबाबाहेर आली. एक हात मागे, मान डावीकडे. इकडे तात्याही तेच बघायला खुर्चीतून अर्धे उठले, आणि रिंगणापलीकडे त्यांना ती दिसली. चेहरा दिसला की नाही कोण जाणे, पण उभं राहणं त्यांनी ओळखलं असावं.

तात्यांनी चष्मा नाकावर घेतला.

म्हणजे थांबले. लेकीसाठी सोडली त्यांनी घोडी. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मास्तरांचाही आवाज मोकळा झाला. "एक वार." मी वर गेले. "दोन वार." आता फक्त मी खाली यायचं बाकी होतं.

तेवढ्यात तात्यांचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

मास्तर थबकले. एवढा वेळ मी हवेत कधी लटकले नव्हते. तात्या डोळे पुसतायत हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण चष्मा वर, म्हणजे बोली चालू. मध्ये विचारायचं नाही, कारण तर अजिबात नाही. तात्या रुमालात तोंड खुपसून बसलेले, त्यांना पत्ताच नाही. मास्तरांनी एकदा श्वास घेतला आणि पुढचा आकडा पुकारला.

लेकीनं तो ऐकला. रिंगणापलीकडून तिला बापाच्या कपाळावरचा चष्मा तेवढा दिसला. बाबांना ही घोडी इतकी हवी आहे, असं तिला वाटलं असणार. तिनं हातातली यादी मिटली.

"तीन वार." मी खाली आले. मास्तरांनी मला इतक्या बळानं आपटलं की माझं डोकं दांड्यात सैल झालं. रागच आला होता त्यांना, कुणाचा ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

थोड्या वेळानं तात्या मेजाशी आले.

"मास्तर, मी बोली लावली नव्हती."

"चष्मा वर होता, तात्या."

"डोळे पुसत होतो मी."

"ते दिसलं मला."

"मग?"

"मग काय? कारण विचारायचं नाही, हे तुम्हीच सांगून ठेवलंय."

तात्यांनी रुमाल खिशात घातला. मग हसले. "बरोबर आहे. माझाच नियम माझ्या गळ्यात. आणा, कुठं करायची सही?" मास्तरांनी जागा दाखवली. तात्यांनी सही केली ती रेघेच्या दोन बोटं खाली. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

तात्या दाराकडे निघाले. खांबाशी लेक अजून उभी होती. तिनं बापाला येताना बघितलं नाही, जाताना बघितलं. मग ती झपाझप चालत त्यांच्या मागे गेली. मास्तरांनी मला कोटाच्या खिशात टाकलं आणि दाराची कडी तपासण्याचं निमित्त करून तेही तिथे जाऊन उभे राहिले. चांगल्या माणसांनाही कधीकधी दुसऱ्याचं बोलणं ऐकावंसं वाटतं.

"बाबा, पुढे पायरी आहे."

"दिसतेय मला."

"नाही दिसत. प्रत्येक पावलाला उजवा पाय आधी चाचपतोय तुमचा."

तात्या थांबले. "मागून बघितलंस?"

"तुम्हीच शिकवलंत. कधीपासून आहे हे?"

"त्या काळ्याच्या आधीपासून. त्याचा गुडघा मला दिसलाच नव्हता गं. आणि दिसत नाही हे कबूल करायचं तर घोडे कोण ठेवणार माझ्याकडे?"

"मी काय घोड्याची मालक होते? मला सांगायचं होतं."

तात्यांनी पायानं पायरी चाचपली. ती म्हणाली, "या घोडीचा पाय तरी कसा बघितलात?"

"सकाळी हात लावून. हाड सरळ आहे तिचं, नुसती चाल सैल आहे. सुधारेल."

"मलाही तेच वाटलं."

"मग घेऊन जा तिला. मी तुझ्यासाठीच सोडली होती."

"कळलं आता. पण सही तुमची झालीय. घोडी तुमची, जागा माझी. चालेल?"

तात्यांनी थोडा विचार केल्यासारखं दाखवलं. "मी सकाळी बघायला येईन तिला. साडेपाचला."

"पाचला. माझ्याकडे पाचला सुरू होतं काम."

"बरं बाई, पाचला." लेकीनं त्यांचा कोपर धरला आणि दोघं पायऱ्या उतरली. मास्तरांनी खिशात हात घालून माझं सैल डोकं उगाच दाबून बघितलं.

मास्तरांचा तो शेवटचा हंगाम. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांना पडदा, घंटा आणि माइक लागतो, हातोडी लागत नाही. जाताना मास्तरांनी मला तात्यांच्या लेकीच्या तबेल्यात दिलं. तिथल्या नालबंदानं पाचर मारून माझं डोकं घट्ट बसवलं. आता मी दाण्याच्या खोलीत खुंटीला असते आणि घोड्यांच्या मिठाचे खडे फोडते. कुठे तो मान आणि कुठे हे मीठ, असं सुरुवातीला वाटायचं. आता नाही वाटत. रोज दोन-चारदा तरी हात लागतो, एरवी मी वर्षाचे दहा महिने डब्यात पडून असायचे.

तांबडी दोन शर्यती जिंकली, पाच हरली, आणि एकदा सुरुवातीच्या फाटकातून निघालीच नाही. विकणाऱ्या बाई मधूनमधून तिला भेटून जातात. तिचा पाय अजून किंचित बाहेर पडतो.

तात्यांना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. तरी पाच वाजता ते येतात. कुंपणाशी खुर्ची टाकून बसतात, तांबडीच्या टापा कानानं मोजतात आणि म्हणतात, "आज डावीकडे जड पडतेय, बघ गं." लेक बघते. बहुतेक वेळा तसंच असतं.

खुंटीवरून मला ते समोर दिसतात. चष्म्याचा त्यांना काडीचा उपयोग उरलेला नाही, तरी तो ते रोज न चुकता कपाळावर चढवून येतात. कधी या बाजूला आलात तर भेटा त्यांना, चहा घ्या. पण "आजोबा, चष्मा आता कशाला, काढून ठेवा की" असं मात्र कृपा करून म्हणू नका. एकतीस वर्षं मी हे काम केलंय. तो वर आहे तोवर माणूस बोलीत आहे.