३१७ नंबरची छाती

“छातीचा फोटो न बघताच लिवलाय तुमी ह्यो कागद! आत साहेब असंल न्हायतर साहेबाचा बाप असंल, कुणीबी उजेडाला धरून बघितलेला न्हाय!”

भरमू हे बोलला एका काचेला. काचेच्या आत पडदा, पडद्याच्या आत साहेब. अडतीस वर्षांत त्या साहेबाच्या खुर्चीत सात माणसं बसून गेली, पण पडदा तोच. बाहेर हजेरीच्या खिडकीत बसायचा तो कंत्राटदाराचा कारकून, ओमकार. त्यानं कपाळाला हात लावला.

“आप्पा, आवाज कमी करा की. सही करा, कागद घ्या, घरी आरामात बसा. लोक आरामासाठी तरसत्यात.”

“काय लिवलंय वाच.”

“तीन डाव वाचून दाखवलं. ‘छातीत दोष. कामास अपात्र.’”

“जोतिबाच्या कागदावर काय लिवलंय?”

“दुसऱ्याचा कागद मी कसा सांगू?”

“मग मी सांगतो. छातीत दोष, कामास अपात्र. युवराजच्या कागदावर? त्येच. अकरा म्हातारी, अकरा छात्या आणि दोष एकच? दोष काय छापखान्यात छापून आणलासा व्हय रं?”

ओमकार हसू आवरायला खाली बघू लागला. बाकी दहा जणांनी सह्या केल्या होत्या. सही म्हणजे कागदावरचं सगळं मान्य, पुढं काही मागणं नाही. भरमूनं पेनला हात लावला नाही.

“फोटो दावा, मग सही,” म्हणाला आणि वळला.

भरमू उचगावचा. वय सहासष्ट. उद्यमबागेतल्या त्या फौंड्रीत तो मोल्डर होता. काळी ओली वाळू पेटीत ठोकून तिच्यात साचा उठवायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. मूठभर वाळू दाबून मोडली की तिच्यात पाणी किती हे तो सांगायचा, आणि यंत्र आल्यावरही कठीण साच्याला साहेब लोक त्यालाच हाक मारायचे. साठाव्या वर्षी त्याला शाल-नारळ देऊन निरोप दिला आणि चौथ्या दिवशी कंत्राटदाराच्या यादीत नाव घालून त्याच गेटातून आत घेतलं. अशी अकरा माणसं होती. कागदावर निवृत्त, वाळूत गुडघ्यापर्यंत उभी.

भरमूचा स्वभाव संशयाचा. गावात म्हणायचे, हा देवळातलं तीर्थसुद्धा हुंगून पिईल. पण फौंड्रीत त्याच्या संशयानं बऱ्याच जणांची बोटं वाचली होती. पेटीची कडी ढिली असेल, ओतणारा झोपेत असेल, तर भरमूच्या नाकाला आधी कळायचं. म्हणून गेटावर जेव्हा ‘पंचावन्न वर्षांवरील कामगारांची मोफत आरोग्य तपासणी’ असा फलक लागला, तेव्हा तो वाचून भरमू म्हणाला, “फुकट? ह्या गेटात फुकट मिळती ती धूळ. म्हातारी हाकलायचा बेत हाय ह्यो.”

ते खरं की खोटं कुणाला माहीत, पण सगळ्यांना पटलं.

मग त्यानं जे केलं ते त्या फौंड्रीत नवं नव्हतं. कंत्राटी माणसाला नाव नव्हतं, पत्र्याचा एक बिल्ला होता. कुणाच्या घरी बारसं असो की बारावं, शेजारच्यानं त्याचा बिल्ला खिडकीत दाखवून हजेरी लावायची. याला लबाडी म्हणत नसत, शेजारधर्म म्हणत. भरमूनं आपला ३१७ नंबरचा बिल्ला नागेंद्रच्या शर्टाला लावला.

नागेंद्र त्याच्याच गावचा. चव्वेचाळीस वर्षांचा, तालमीत वाढलेला, छाती बघाल तर दाराएवढी. त्याला विसाव्या वर्षी ह्या गेटात आणलं होतं ते भरमूनंच. तो ग्राइंडरवर होता, ओतीव माल घासून साफ करायच्या कामावर. वय कमी, म्हणून तपासणीच्या यादीत नाव नाही. टोपी खाली ओढून, काळ्या तोंडानं तो छातीचा फोटो काढायच्या गाडीत चढला. आत नंबर पुकारत होते, नाव नाही.

“तीनशे सतरा. श्वास घ्या. धरा. सोडा. पुढचा.”

खाली उतरताना मिशीवर हात फिरवत नागेंद्र म्हणाला, “आप्पा, शंभर वर्सं तुमास्नी आता मरान न्हाय. माजी छाती दिलीया तुमाला.”

आणि आठ दिवसांनी हा कागद आला.

गेटाबाहेर नागेंद्र मोटारसायकल घेऊन उभा होता. गेली सहा वर्षं भरमू त्याच्याच मागं बसून यायचा-जायचा. बसची पायरी त्याच्या डाव्या गुडघ्याला चढवत नव्हती, आणि बस काही त्याच्या गुडघ्यासाठी थांबत नव्हती.

“काय म्हणाला ओमक्या?” गाडी रस्त्याला लागल्यावर नागेंद्रनं विचारलं.

“छातीत दोष म्हणं.”

“कुणाच्या? माज्या?” नागेंद्र एवढ्या मोठ्यानं हसला की शेजारचा रिक्षावाला बघू लागला. “बघा म्हणजे! बैलाची छाती लावली तरी त्येनी दोषच लिवला असता. तुमीच शिकवलासा न्हवं आमाला, हापिसातला कागद आधी उलटा करून वाचावा?”

“व्हय, म्हणालतो.”

“मग? खोटारडी जात ही.”

भरमूला बरं वाटलं. दिवसभराचा राग जरा खाली बसला. तेवढ्यात नागेंद्रच्या हसण्याचा खोकला झाला. आधी एक, मग सलग. त्यानं गाडी कडेला घेतली, बंद केली, चाक बघितल्यासारखं केलं. भरमूचा हात त्याच्या पाठीवर होता. सहा वर्षं त्या हाताला जी थरथर लागायची ती गाडीची, असं भरमू समजत आला होता. आता गाडी बंद होती आणि पाठ हलतच होती.

“कवापास्नं रं?”

“धूळ हाय वो, आप्पा. भट्टीजवळ कोण खोकत न्हाय?”

भरमू स्वतः खोकत नव्हता.

घरात मालुबाईनं नेमकं त्यावरच बोट ठेवलं. बायको कसली, संशयात नवऱ्याच्या वरचढ. भाकरी थापता थापता तिनं सगळं ऐकून घेतलं, पण बिल्ल्याची गोष्ट भरमूनं तिला सांगितली नव्हती.

“छातीत दोष तुमच्या? रात्रभर घोरतासा, गावाला ऐकू जातंय. दोष आसता तर घोराय दम आला आसता व्हय? खोकलासा कवा शेवटचं?”

“तू डाक्टर हाईस काय?”

“डाक्टर न्हाय. शेजारी झोपती.” तिनं परात आपटली. “काय तरी दडवालाईसा माज्यापास्नं.”

तेवढ्यात दारात रूपाली आली, नागेंद्रची बायको. हातात झाकलेला तांब्या.

“आप्पा, तुमचं ऐकलं. वाईट वाटलं बघा. काढा आणलाय अडुळशाचा. ह्यांच्यासाठी रोज उकळती, म्हटलं तुमालाबी घालावा घोटभर.”

“रोज?” भरमूनं विचारलं.

“दिवाळीपास्नं रोज. उताणं झोपाय येत न्हाय त्येंना, भिताडाला टेकून बसत्यात. कुणाला सांगू नगं म्हणत्यात.” ती कसनुशी हसली. “धा पावलं चढ आला की बूट बांधायचं सोंग करत्यात. तुमी आता धुळीत जाऊ नगासा, आप्पा. ह्या वयात छाती सांभाळायची.”

भरमूनं तांब्या घेतला. काढा कडू होता. तो सगळा प्यायला, कारण पीत असेपर्यंत बोलावं लागत नव्हतं.

रूपाली गेल्यावर तो सोप्यात बसून राहिला. अडतीस वर्षांचं काम त्यानं मनात उलटं-सुलटं करून बघितलं. मोल्डरची वाळू ओली. ओली वाळू उडत नाही. पण तीच वाळू लोखंडाबरोबर भाजते, कोरडी होते, मालाला चिकटते आणि ग्राइंडरवर जाते. तिथं तिचं पीठ होतं. ते पीठ कोण खातं? नागेंद्र खातो. चोवीस वर्षं, तोंडाला फडकं बांधून. आणि तपासणी कुणाची? ओल्या वाळूतल्या म्हाताऱ्या मोल्डरांची. वय मोजलं, धूळ मोजली नाही. ज्यानं कुणी ती यादी केली त्याला एक तर काही कळत नव्हतं, नाही तर सगळं कळत होतं.

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. साहेबानं फोटो न बघता अकरा कागदांवर एकच ओळ लिहिली असेल, तर नागेंद्रच्या फोटोत काही निघालं नव्हतं. आणि साहेबानं फोटो बघून लिहिलं असेल, तर मालुबाईच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला काहीच झालं नव्हतं, जे झालं होतं ते गल्लीच्या पलीकडं भिंतीला टेकून बसलं होतं.

आयुष्यभर भरमू मानत आला की साहेब खोटं बोलतो. त्या दिवशी पहिल्यांदा, साहेब खोटारडाच निघू दे, म्हणून त्यानं देवाला हात जोडले.

सकाळी तो नागेंद्रच्या दारात गेला. रूपाली आत आहे हे बघून हळू आवाजात म्हणाला, “चल सरकारी दवाखान्यात. तुज्या नावानं फोटो काढू.”

नागेंद्र गाडी पुसत होता. “काय झालंय मला?”

“कायबी झालं नसंल. बघून येऊ.”

“आणि निघालं तर? मला घरात बसवणार ती कंपनीवाली. थोरली यंदा बारावीला हाय, आप्पा. तुमचं वय झालतं, तुमी गेलासा. मी कुठं जाऊ?” मग त्यानं फडकं झटकलं. “आणि त्यो कागद खोटा हाय. तुमीच म्हणालाईसा खिडकीवर, सगळ्या फौंड्रीनं ऐकलंय. आता मला भिवडवालासा व्हय?”

भरमूचंच बियाणं होतं, त्याच्याच शेतात उगवलं होतं.

“सोमवारी बघू,” नागेंद्र म्हणाला.

तो सोमवार गेला. दुसरा गेला. तिसऱ्या सोमवारी भरमू एकटा बसथांब्यावर उभा राहिला. कंडक्टर कानडीत ओरडला, “अज्जा, लगू हत्री!” आजोबा, लवकर चढा म्हणून. भरमूनं दोन्ही हातांनी दांडा धरला, उजवा पाय वर टाकला आणि डावा पाय हातानं उचलून पायरीवर ठेवला. बस तोवर हललेली होती.

खिडकीत ओमकार होता. “आलासा? बरं झालं. तुमची एकट्याचीच सही ऱ्हायलीया.”

“करतो. पण त्या आधी ऐक. ती छाती माजी न्हाय.”

“म्हंजे?”

“बिल्ला माजा. आत गेलता त्यो मी न्हाय.”

ओमकारचं पेन थांबलं. त्यानं आजूबाजूला बघितलं. मग खिडकीतून निम्मा बाहेर येऊन कुजबुजला, “आप्पा, हे बोलू नगासा. फसवणूक होती ही. कंत्राटदार केस घालंल. सही करा आणि जावा की मुकाट. कुणाला काय कळत न्हाय.”

“त्येच तर वांदं हाय. कुणाला काय कळत न्हाय.”

“कोण गेलता मग?”

“फोटो दावा, नाव सांगतो.”

ओमकार आत गेला. पडद्याची एक पट्टी दोन बोटांनी वर झाली, खाली पडली. गेटावरच्या वॉचमननं स्टूल आणून ठेवलं. “बसा, आप्पा, पाय दुखंल.” भरमूनं स्टुलाकडं बघितलं. तो बसला नाही. आत ग्राइंडर सुरू झाले होते. पाच ग्राइंडर होते आणि त्यातला नागेंद्रचा कुठला हे त्याला आवाजावरून कळत होतं.

बऱ्याच वेळानं ओमकार बाहेर आला. त्याच्या हातात फोटो नव्हता, कोरा कागद होता.

“साहेब म्हणत्यात, फोटो डॉक्टरकडं हाईत. डॉक्टर गावात न्हाईत. आणि तुमी जे सांगितलासा ते लिवून द्या म्हणत्यात. तुमची चूक तुमच्या सहीनिशी.”

“आण.”

“आप्पा, इचार करा. ह्येच्यावर सही केलासा की दुसरीकडंबी कुठं उभं करून घ्यायचे न्हाईत.”

“आण म्हटलं न्हवं.”

भरमू चौथी शिकलेला. त्यानं खिडकीच्या फळीवर कागद ठेवला आणि एकेक अक्षर साच्यासारखं ठोकून बसवत लिहिलं. बिल्ला माझा. छाती माझी नाही. दुसऱ्यास मी पाठविले, त्याचा दोष नाही. खाली पूर्ण नाव, गाव, तारीख. सही केली. दुसरा कागदही ओढून घेतला, अपात्रतेचा, त्यावरही केली. मग दोन्ही कागद ओमकारच्या हातात दिले आणि त्याला वळसा घालून काचेसमोर जाऊन उभा राहिला. आज आवाज चढला नव्हता.

“साहेब, तुमाला पायजे होतं ते झालं. म्हातारा गेला. आता माजं एक काम करा. खोटं लिवलं आसंल तर खोटं म्हणा. कुणाला सांगत न्हाय, हितंच तुमच्या पाया पडतो आणि पेढं वाटत घरला जातो. पण खरं आसंल तर त्यो माणूस आत्ता आत उभा हाय, फडकं बांधून, आणि त्येला ठावं न्हाय. माजं त्यो ऐकत न्हाय. मीच त्येला तसा शिकवलाय. तुमचा फोटो बघून ऐकंल.”

पडदा हलला नाही.

“मी हितनं हलणार न्हाय. व्हय का न्हाय, एका शब्दात सांगा, साहेब. त्येला ग्राइंडरवरनं भाईर बोलवू का न्हको?”