रात्रभर निजलेलं पाणी

शेवटी आजोबांनी सकाळचं पहिलं पाणी स्वतःच्या हाताने मोरीत ओतलं आणि ओतताना त्याची माफी मागितली. पण हे अजून घडलेलं नाही. तुम्ही ऐकलेलं नाही आणि कोणी सांगितलेलंही नाही. आजोबा अजून नळासमोर पातेलं धरून उभे आहेत आणि त्यांच्याएवढा सुखी माणूस त्या चारमजली इमारतीत दुसरा नाही.

चौतीस वर्षं आजोबांनी एका बारा मजली कचेरीत लिफ्ट चालवली. हजारो माणसांना वर चढवलं आणि स्वतः रोज तळमजल्यावरून घरी आले. त्या नोकरीत त्यांना एकच गोष्ट पक्की कळली होती: सकाळची पहिली फेरी सगळ्यात चांगली. रात्रभर विसावलेली लिफ्ट कुरकुरत नाही, धक्के देत नाही. पाण्याचंही तसंच, असं त्यांचं ठाम मत. दिवसभर पळापळ करणारं पाणी चिडकं. रात्रभर पाइपात निजलेलं पाणी शांत, समजूतदार. ते ज्याच्यावर जीव असेल त्यालाच द्यावं.

सध्या जीव बटणवर होता. बटण म्हणजे त्यांची नात, वय महिने सात. नाक हुबेहूब लिफ्टच्या बटणासारखं. ते दाबलं की ती हसायची आणि आजोबा थेट बाराव्या मजल्यावर जायचे. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामावर परत गेली, मुलगा तर कायम फिरतीवर, तेव्हापासून बटणच्या बाटल्या आजोबांकडे. सकाळी सहाला पहिलं पाणी भरायचं, मंद आचेवर आटवून बरोबर अर्धं करायचं आणि दिवसभर त्यातच दुधाची पावडर कालवायची. आजोबा त्याला अर्क म्हणायचे.

मग एके दिवशी नेहमीच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी बटणचं थोडं रक्त घेतलं आणि आठवड्याने सुनेला फोन केला. रक्तात शिसं होतं. भयंकर नाही, पण असायलाच नको असं. या वयात मेंदू वाढत असतो, तिथे शिशाचं काही काम नाही, असं त्या म्हणाल्या. पाणी तपासून घ्या.

"पाण्याचा संबंधच नाही," आजोबा म्हणाले. "मी उकळतो. उकळल्यावर कोण जगतं?"

"बाबा, जंतू मरतात. शिसं काय जिवंत आहे मरायला?"

"सूनबाई, पाणी बघ तरी! काचेसारखं आहे."

"काचा मी रोज बघते. साफ दिसण्यावर जाऊ नका."

तिने तीन बाटल्या प्रयोगशाळेत पाठवल्या. एक पहिल्या पाण्याची, एक पाच मिनिटं नळ वाहू दिल्यानंतरची, आणि आजोबांच्या खास आग्रहावरून एक अर्काची. आजोबांनी अर्काची बाटली पुसून चकचकीत केली, झाकणाला दोरा बांधला. घरातली एखादी वस्तू पहिल्यांदाच परीक्षेला बसत होती.

निकाल आला तो आजोबांच्याच हातात पडला. वाहतं पाणी, तीन. पहिलं पाणी, अठ्ठावीस. अर्क, एकावन्न. संध्याकाळी सून चप्पल काढते न काढते तोच कागद तिच्या नाकासमोर नाचला.

"पहिला नंबर कोणाचा? बोल!"

सुनेने कागद वाचला. मग ती तिथेच, चपलांच्या शेजारी, जमिनीवर बसली.

"बाबा, आमच्या दुकानात जितका नंबर मोठा, तितका माणूस आंधळा."

"म्हणजे?"

"म्हणजे हे मार्क नाहीत. एवढं शिसं आहे पाण्यात. तुम्ही पाणी आटवलंत, ते वाफ होऊन गेलं. शिसं जात नाही. ते खाली घट्ट होत बसलं."

आजोबाही खाली टेकले. बटण त्यांच्या मांडीवर होती. तिने आशेने नाक पुढे केलं. आजोबांनी ते दाबलं नाही.

दुसऱ्या दिवशी नळवाला आला. तो ओट्याखाली आडवा झाला आणि भिंतीतून येणारा जुना करडा पाइप त्याने किल्लीने खरवडला. आत चांदीसारखी रेघ चमकली.

"शिशाचाच," तो म्हणाला. "बघा, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. इमारतीएवढंच वय असेल. पाणी थांबलं की याचं शिसं त्यात उतरत राहतं. जितका वेळ थांबेल, तितकं जास्त."

"पण ते तर झोपलेलं असतं," आजोबा हळूच म्हणाले.

"झोपलेल्याचाच खिसा कापतात, काका."

त्या दुपारी बटण आजोबांच्या छातीवर झोपली आणि तिच्या वजनाने आजोबाही हळूहळू झोपेत बुडाले. पाहतात तर ते पाइपात होते. पाइप म्हणजे त्यांचीच लिफ्ट, फक्त भिंती करड्या आणि मऊ, बोट लावलं की ठसा उमटणाऱ्या. सगळ्या मजल्यांवर पाणी माणसांसारखं बाकांवर बसून डुलक्या घेत होतं. कुणाच्या मांडीवर पिशवी, कुणाच्या गळ्यात मफलर. दार उघडलं की प्रत्येक मजल्यावर करडा कोट घातलेला एक गृहस्थ आत यायचा. अतिशय सभ्य. त्याला वास नव्हता, चव नव्हती, पावलांचा आवाज नव्हता. बघता बघता लिफ्टमध्ये तसे एकावन्न गृहस्थ झाले.

"कुठला मजला?" आजोबांनी सवयीने विचारलं.

"बटण," सगळे एकदम म्हणाले.

"आणि उतरणार कुठे?"

"आम्ही उतरत नाही," त्यांतला एक टोपी काढून म्हणाला. "आम्ही हाडांत मुक्काम करतो. वर्षानुवर्षं. तुमची सेवा फार चांगली आहे हो, दार उघडायला एक दिवस उशीर नाही."

आजोबा जागे झाले तेव्हा बटण त्यांच्या शर्टावर लाळ गाळत स्वस्थ झोपली होती. पंखा फिरत होता. त्यांनी तिला बराच वेळ हलू दिलं नाही.

आणि मग, दुसऱ्या सकाळी, ते घडलं, जे कोणी तुम्हाला सांगितलेलं नाही. आजोबांनी पहिलं पाणी मोरीत ओतलं. "चूक तुझी नाही," ते पाण्याला म्हणाले. "माफ कर." पाच मिनिटं त्यांनी घड्याळ लावून नळ वाहू दिला. पुढच्याच आठवड्यात सुनेने ओट्याखाली फिल्टर बसवून घेतला. दुकानदार तीन दाखवत होता, तिने ज्याच्या खोक्यावर शिसं अडवतो अशी चाचणीची नोंद होती तोच उचलला. नळवाल्याने बजावलं, पाणी गारच घ्यायचं, गरम नळाचं नाही, आणि आतली कांडी वेळेवर बदलायची, नाहीतर फिल्टर म्हणजे नुसता दागिना. पाइपही बदलणार होता. पाणीपुरवठा विभागाच्या यादीत इमारतीचा नंबर लागला की.

दोन महिन्यांनी बटणचं रक्त पुन्हा तपासलं. आकडा खाली आला होता. सून स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच रडली आणि हसली.

"उतरलंय, बाबा!"

"सगळं?"

"सगळं कसं लगेच उतरेल? पण आता नवीन जात नाहीये ना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती छान वाढतेय. घ्या हिला."

आजोबांनी बटणला घेतलं, नाक दाबलं. ती हसली. मग त्यांनी तिला सुनेकडे परत दिलं, चष्मा पुसला आणि कागद घेऊन टेबलाशी बसले.

"प्रति,
माननीय मुख्य अधिकारी,
पाणीपुरवठा विभाग.

विषय: पुरवलेले पाणी परत घेण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी निवृत्त लिफ्टचालक असून फिल्टर बसण्यापूर्वीच्या पाच महिन्यांत माझ्या हातून माझ्या नातीस आपल्या विभागाच्या पाण्याच्या अंदाजे साडेसातशे बाटल्या पाजल्या गेल्या आहेत. सदर पाणी मी अत्यंत प्रेमाने आटवले होते. तरी आपल्या विभागाने योग्य तो कर्मचारी पाठवून सदर सर्व पाणी, त्यातील प्रवाशांसह, बाळास कोणताही त्रास न होता, परत घेऊन जावे व तशी पोच अर्जदारास द्यावी, ही नम्र विनंती. कर्मचारी कोणत्याही वेळी आला तरी चालेल. अर्जदार घरीच असतो."