खाऱ्या पाण्यावरची मोट

मित्रांनो, विहिरीवर लटकलेलं हे काळपट कातडं पाहून नाक मुरडू नका. मी मोट आहे, म्हशीच्या कातड्याची, आणि आता चांगलीच म्हातारी. बैलांनी नाडा ओढायचा आणि मी विहिरीतलं पाणी वर आणून काठावरच्या दगडी थारोळ्यात ओतायचं, एवढंच माझं काम. त्या कामात काळजी करण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं.

इंग्रजांनी वऱ्हाड नागपूरच्या कारभाराला जोडलं, त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. शालिकराम माळ्यानं मला अमरावतीच्या बाजारातून भातकुलीजवळच्या आपल्या मळ्यात आणलं. त्याची आई पार्बताबाई मला करडीचं तेल चोळायची. नव्या सुनेचं होत नसेल एवढं माझं कौतुक झालं. माझ्या पाण्यावर वांगी, मिरच्या, झेंडू असे तरारून यायचे की वाटसरू थांबून बघत.

आमचा मुलूख पूर्णा नदीच्या खोऱ्यातला. वर काळीभोर माती आणि तिच्याखाली खारं पाणी. पावसाचं गोडं पाणी एखाद्या जागी मुरलं, तर ते त्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं राहतं. गावात विहिरी पुष्कळ होत्या, पण त्यांच्या पाण्यात डाळ शिजत नसे. नाल्याकाठची आमची विहीर तेवढी गोडी, म्हणून सगळं गाव तिचंच पाणी प्यायचं. सायीची ही गोष्ट मात्र तेव्हा कुणालाच माहीत नव्हती.

आमच्याकडे येणारे ढग दूरच्या समुद्रावरून निघतात. वाटेत घाटावर ते मोकळ्या हातानं सांडतात आणि आमच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. एका वर्षी तेही आलं नाही. माझ्या पोटात पाण्यापेक्षा गाळच जास्त येऊ लागला. बायका घागरी घेऊन काठावर बसून राहत, पाणी पाझरायची वाट बघत.

शेजारचे शेतकरी नत्थुजी एके दिवशी विहिरीत डोकावले. माणूस भला, पण सल्ला द्यायची भारी हौस.

"खाली जा, शालिकराम. पाणी खालीच रायते. माह्या सासऱ्यानं बार्शीटाकळीले विहीर खोल केली. आता पाणी सरता सरत नाही."

"नत्थुभाऊ, ते डोंगराकडचं गाव," पार्बताबाई म्हणाली. "आपल्या मातीखाली काय हाये, कोनाले ठाव?"

"मंग काय करू, माय?" शालिकराम कासावीस होऊन म्हणाला. "लोकाईले पाणी नाही म्हनू?"

विहीर खोल केली. पाणी लागलं, आणि ते उसळूनच आलं. गावाचा आनंद काय सांगू! माझ्या तोंडाला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. या घरची एक रीत होती. नव्या पाण्याची पहिली मोट देवाला, दुसरी बैलांना, तिसरी झाडांना आणि माणसांनी प्यायचं ते सगळ्यांच्या शेवटी. तोवर थेंबही तोंडाला लावायचा नाही.

मला तर पहिल्या बुडीतच कळलं होतं. जुन्या कातड्याला मीठ झोंबतं. मी कुरकुरले, पण नाड्याखालचं चाकही कुरकुरत होतं. माझं कोण ऐकणार?

देवाचा दगड न्हाला. बैलांनी पाण्याला तोंड लावलं आणि ते मागे सरकले.

"दमले असतीन," नत्थुजी म्हणाले. शालिकरामनं वांग्यांकडे पाट सोडला. पण पार्बताबाईची नजर बैलांवरून हलेना. ती धावत आली आणि तिनं थारोळ्यात ओंजळ घातली.

"खारं हाये! पाट बंद कर, शालिक!"

"माय, रीत..."

"रीत गेली चुलीत! नवं खोदलं तेवढं बुजव, आत्ताच!"

काठावरच्या बायकांपैकी एकीनं आपली रिकामी घागर उचलून काखेला लावली आणि ती निघून गेली. पिवळ्या चिकणमातीचं पहिलं टोपलं नत्थुजींनीच विहिरीत टाकलं.

उन्हाळाभर गाव लांबून पाणी आणत राहिलं. विहीर पुन्हा गोडी होईल की कायमची गेली, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं, तेही मचूळ. पार्बताबाई रोज सकाळी ते जिभेवर घेई, थुंकून टाकी आणि घरात जाई. किती दिवसांनी कोण जाणे, एका सकाळी तिनं घोट गिळला आणि ती काठावरच बसून रडली.

मी खोल बुडाले की पाणी खारट येतं आणि वरवर बुडाले की गोड, हेही तिच्याच ध्यानात आलं. तिनं नाड्याला जाड गाठ मारून घेतली. गाठ चाकाला अडली की मी तिथंच थांबते.

आज पार्बताबाई नाही. यंदा पाऊस पुन्हा रुसला आहे. मागच्या आठवड्यात शालिकरामनं मला खाली सोडलं आणि गाठ अडली. पाणी माझ्या तोंडापासून वीतभर खाली होतं. वर वांगी माना टाकून उभी होती. शालिकरामची बोटं गाठ सोडायला पुढे आली. माझा जीव टांगणीला लागला. मग त्यानं मला रिकामंच वर घेतलं आणि बैल सोडले. उरलेलं पाणी बायका दोरी बांधून वरच्यावर लोट्यालोट्यानं काढतात, म्हणजे खालचं खारं ढवळत नाही. वांगी गेली.

मित्रांनो, कातडं कोरडं राहिलं की तडकतं. माझी सोंड, म्हणजे पाणी ओतायची नळी, तडकू लागली आहे, आणि आणखी एक उन्हाळा मी काही काढणार नाही. नव्या मोटेचं तुम्ही खुशाल कौतुक करा, तिला तेल लावा. पण तिच्या नाड्यालाही ही गाठ मारा, आणि ती रिकामी वर आली तर तिला बोल लावू नका.