‘सुसाट जोडी’चा करार

अनुश्रीचा जुना फोन बंद पडला आणि नव्या फोनवर ‘सुसाट जोडी’ काही सापडेना. बैलांच्या शर्यतीचा हा खेळ बारा वर्षांपूर्वी पुण्याच्या चार पोरांनी बनवला होता. त्यात बैल उधळले की वाजायची ती सनई तिच्या बाबांची, राधाकृष्णांची. औंढ्याच्या देवळात त्यांनी उभा जन्म सनई वाजवली. दात गेले तशी सनई सुटली आणि बिऱ्हाड हिंगोलीला आलं. कचेरीत डबा खाताना अनुश्री रोज एक शर्यत खेळायची, ती त्या सुरांसाठीच.

खेळ बनवणाऱ्यांपैकी अपूर्वचा नंबर तिनं खटपट करून मिळवला.

“खेळ आम्हीच दुकानातून काढून टाकला, ताई,” तो म्हणाला. “सनईचा करार दहा वर्षांचा होता. मुदत संपल्यावर विकणं म्हणजे विनापरवानगी विकणं. औंढ्याला दोन पत्रं पाठवली, दोन्ही परत आली. जुने खेळ असेच जातात बघा. कुणाचं गाणं, कुणाचं चित्र, कुणाच्या गाडीचं नाव. एका कागदाची मुदत सरली की अख्खा खेळ ऑनलाइन दुकानातून उतरवावा लागतो.”

“आणि बाबांनी पुन्हा सही दिली तर?”

“तर लगेच तयारीला लागतो. लोक अजून विचारतात.”

अनुश्रीनं कागद मागवला, हौसेनं बाबांपुढं ठेवला. त्यांनी तो वाचला आणि पेन बाजूला सारलं.

“म्या न्हाई करत सही.”

“काहून, बाबा?”

“संबळ कोणाचा हाय त्यात? हरिचंदचा, माझ्या जोडीला वाजवायचा त्याचा. तवा कागद एकच आला, अन् म्या एकट्यानं सही केली. त्याचं नाव कुठंच न्हाई लागलं. तवापासून तो माझ्याशी बोलला न्हाई.”

अनुश्रीला हे ठाऊकच नव्हतं. तिनं पुन्हा फोन लावला. हरिचंदचं ऐकून अपूर्व म्हणाला, “एका कागदात भागलं असं वाटलं आम्हाला. चूक आमची. दोन कागद पाठवतो.”

रविवारी बापलेक हरिचंदच्या गावी, सिद्धेश्वरला गेले. हरिचंद धरणाच्या काठी जाळं सांधत बसला होता. त्यानं वर पाहिलं, पण उठला नाही. राधाकृष्ण गुडघे धरत त्याच्यापुढं जमिनीवरच बसले.

“खेळ बंद पडला म्हून आलास व्हय?” हरिचंदनं विचारलं.

“व्हय. न्हाई तर आलोच नसतो. तेवढी हिंमत न्हाई माझ्यात. चुकलं माझं, हरिचंद.”

हरिचंदनं आणखी दोन गाठी मारल्या. मग हात पुसले. “खरं तरी बोललास. वाच पोरी, काय लिवलंय.”

अनुश्रीनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. सनई : राधाकृष्ण. संबळ : हरिचंद.

“माझं नाव आधी घाल.”

अनुश्रीनं बाबांकडं पाहिलं. “घाल की,” ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं.

अपूर्वला जुना खेळ नव्या फोनांवर चालवायला दोन महिने लागले. दिवाळीनंतर तो पुन्हा दुकानात चढला. त्या दुपारी हरिचंद एसटीनं हिंगोलीला आला. अनुश्री चहा घेऊन बाहेर आली, तर दोघं म्हातारे एका फोनवर डोकी घालून बसलेले.

“सोड, माझी पाळी हाय!” हरिचंद ओरडत होता.

“थांब रे, बैल पुढं निघाला माझा!”

तिनं कप खाली ठेवले आणि आपला फोन परत मागायचा विचारच सोडून दिला.